पुराच्या हिशेबाची पहिली ओळ अरबी समुद्रावर

कुरुंदवाड : जुलै उजाडला की कुरुंदवाडच्या घाटावर, बाजारपेठेत आणि एसटी स्थानकावर बोलण्याची भाषाच बदलते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झाले, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून किती क्युसेक सुटले, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी किती, हे प्रश्न आणि त्यांची फूट-इंचांतील उत्तरे एवढेच कानावर पडू लागते. पंचगंगा येथे कृष्णेला मिळते आणि संगमापाशीच नृसिंहवाडी आहे. त्यामुळे दोन्ही नद्यांचा हिशेब या गावाला ठेवावाच लागतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील पातळी ५५ फुटांच्या वर गेली. जुलै २०२१ मध्ये तिने ५६ फूटही ओलांडले. वाडीच्या दत्तमंदिरात पादुकांवरून वाहणारे पाणी दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की भाविक स्नानासाठी गर्दी करतात. तेच पाणी आणखी काही फूट चढले की गोठ्यातील जनावरे उंचावर हलवण्याची घाई सुरू होते.

या हिशेबाची चोपडी बहुतेक वेळा धरणापासून उघडते. थोडे मागे गेले तर गगनबावडा, राधानगरी, महाबळेश्वर येथील पर्जन्यमापकांपर्यंत जाता येते. शिरोळ तालुक्यात मुळात पाऊस कमीच. येथून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर असलेल्या गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, शिरोळमध्ये त्याच्या एक दशांशाच्या आसपास. म्हणजे कुरुंदवाडला बुडवणारे पाणी कुरुंदवाडवर पडलेले नसते, ते घाटमाथ्यावरचे असते. आणि घाटमाथ्यावर तरी ते कोठून येते? त्याच्याही आधी ते केव्हातरी समुद्राच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन उठलेले असते. पाण्याच्या या लांबलचक जमाखर्चातील पहिली नोंद ती. धरणातील पाणी टीएमसीच्या दशांशापर्यंत आणि नदीची पातळी इंचापर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेकडे सर्वांत कच्ची जर कोणती नोंद असेल, तर ती हीच आहे.

समुद्र आणि हवा यांच्यात अहोरात्र देवघेव चालते. सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरतो आणि पाणी तापते. तापलेले पाणी उष्णतेच्या किरणांच्या रूपाने काही ऊर्जा आकाशाकडे परत टाकते. हवा थंड असेल तर पाणी तिला स्पर्शानेही थोडी उष्णता देते. परंतु समुद्राच्या खर्चातील सर्वांत मोठी रक्कम बाष्पीभवनाची. ती समजून घ्यायला कुरुंदवाडकराला दूर जावे लागत नाही. येथील बासुंदी प्रसिद्ध आहे. कढईतील दूध एकदा उकळी फुटली की त्याहून अधिक तापत नाही, तरी खालचा जाळ तासन्‌तास चालूच ठेवावा लागतो. मग ती सारी उष्णता जाते कोठे? ती वाफेबरोबर जाते. एक लिटर पाण्याची वाफ करायला जी उष्णता लागते ती वाफेत दडून राहते. तापमापकात ती दिसत नाही, म्हणूनच तिला सुप्त उष्णता म्हणतात. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती पै-पैशासह परत मिळते.

समुद्राला उकळी फुटावी लागत नाही. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यावरूनही वाफ उठतेच. तेथे एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खर्ची पडते. घरच्या विजेच्या मीटरवर बोलायचे तर ही सुमारे दोन तृतीयांश युनिट वीज झाली. ही उष्णता समुद्र गमावतो, वारा वाहून नेतो आणि ढग तयार होताना ती हवेला मिळते. तापलेली हवा वर चढते, खाली पोकळी निर्माण होते, तिकडे आणखी दमट वारा खेचला जातो. मोसमी पावसाचे यंत्र या इंधनावर चालते. २२ ते २३ जुलै २०२१ या चोवीस तासांत कृष्णेच्या उगमाशी, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस पडताना जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे वरच्या हवेत सुमारे चारशे युनिट विजेइतकी उष्णता मोकळी झाली होती. ही सारी ऊर्जा दूरवरच्या समुद्राने आधीच उधार दिलेली होती.

एक मिलिमीटर म्हणजे किती टीएमसी?

बाष्पीभवन मोजण्याचे एकक दिसायला अगदीच क्षुल्लक आहे. समुद्राच्या एका चौरस मीटरवरून शंभर वॅट दराने सुप्त उष्णता जात असेल, तर दिवसाकाठी साडेतीन मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर उडून जातो. उष्ण कटिबंधातील समुद्रावर हा दर शंभर ते दीडशे वॅटच्या घरात असणे नेहमीचेच आहे. तीन-चार मिलिमीटर म्हणजे परातीत सांडलेल्या पाण्याइतके. पण परात केवढी, हेही पाहायला हवे. अरबी समुद्राचे क्षेत्रफळ अडतीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक भरते. त्यावरून अवघे एक मिलिमीटर पाणी उडाले तरी ते सुमारे १३५ टीएमसी होते. काठोकाठ भरलेले कोयना धरण १०५ टीएमसीचे आहे. दिवसाला चार मिलिमीटर धरले तर पाच कोयना भरून उरतील एवढे पाणी रोज आकाशात जाते.

आता चुकीचा हिशेब करू. या विषयातील अभ्यासक समुद्र आणि हवा यांच्यातील उष्णतेची देवघेव चौरस मीटरमागे दहा वॅटपर्यंत अचूक मोजता यावी, असे उद्दिष्ट कित्येक वर्षे समोर ठेवून आहेत. दहा वॅट म्हणजे रात्रीच्या लहान दिव्याएवढी शक्ती. मात्र अरबी समुद्रभर दहा वॅटची चूक म्हणजे दररोज सुमारे ४७ टीएमसी पाण्याची चूक. तीच चूक वर्षभर साचू दिली तर समुद्राच्या वरच्या पन्नास मीटर थराचे तापमान गणितात सुमारे दीड अंशाने बिघडते. प्रत्यक्षात हे उद्दिष्टही मोजक्याच ठिकाणी, चांगल्या उपकरणांनी गाठले जाते. निरनिराळ्या संस्थांनी तयार केलेले अरबी समुद्राचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले तर त्यांतील तफावत याहून पुष्कळ जास्त निघते.

वाळत घातलेल्या धोतराचे गणित

समुद्रावरून उडणारे पाणी मोजायचे तरी कसे? घंगाळात समुद्राचे पाणी घेऊन ते किती आटते हे पाहावे, ही पहिली कल्पना. इंग्रज शास्त्रज्ञ एडमंड हॅले, ज्यांच्या नावाचा धूमकेतू आहे तेच, यांनी १६८७ मध्ये नेमके हेच केले. उन्हाळ्यातल्याइतके कोमट ठेवलेले खारे पाणी तराजूला टांगून त्यांनी ते किती हलके होते हे पाहिले, आणि दिवसाकाठी इंचाचा दहावा भाग हे प्रमाण धरून सगळ्या भूमध्य समुद्राचा हिशेब मांडला. पद्धत भाबडी असली तरी उत्तर फारसे हास्यास्पद नव्हते. अडचण एवढीच की बंद खोलीतील घंगाळावर वारा नसतो आणि समुद्रावर तोच मुख्य असतो.

धोतर केव्हा लवकर वाळते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. वारा हवा, हवा कोरडी हवी आणि कापड उन्हाने तापलेले हवे. जॉन डाल्टन यांनी १८०२ मध्ये हीच गोष्ट नियमाच्या रूपात मांडली आणि आजचे सूत्र त्याच बीजातून वाढले आहे. समुद्राच्या पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेली हवा बाष्पाने संपृक्त असते, म्हणजे तिला आणखी बाष्प सामावून घेता येत नाही. ते बाष्प किती, हे पाण्याच्या तापमानावरून काढता येते. काही मीटर उंचीवरच्या हवेत बाष्प किती, हे आर्द्रतामापक सांगतो. या दोहोंतील फरकाला वाऱ्याच्या वेगाने, हवेच्या घनतेने आणि ०.००१२ च्या आसपासच्या एका गुणकाने गुणले की बाष्पीभवनाचा दर हाती येतो. वारा सेकंदाला आठ मीटर आणि फरक किलोभर हवेमागे पाच ग्रॅम असेल तर दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर.

गणित सोपे आहे. खोच मापनात आहे. आर्द्रतामापकाने केवळ दोन टक्के चूक केली, ऐंशीऐवजी ब्याऐंशी टक्के दाखवले, तरी पाच ग्रॅमच्या फरकात अर्धा ग्रॅम कमी भरतो आणि उत्तर दहा टक्क्यांनी घसरते. टीएमसीत सांगायचे तर अरबी समुद्रभर दिवसाला सत्तरच्या आसपास. समुद्राचे पाणी खारे असल्यामुळे गोड्या पाण्याच्या तुलनेत त्यावरचे बाष्प दोन टक्के कमी असते. ही गोष्ट विसरली तरी तेवढाच घोटाळा होतो.

पाण्याचे तापमान घेणेही दिसते तितके सरळ नाही. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासची बादली समुद्रात सोडून पाणी वर ओढत आणि त्यात तापमापक बुडवत. परंतु ओली बादली वर येईपर्यंत वाऱ्याने गार पडत असे, अगदी माठातल्या पाण्यासारखी. पुढे इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवण्याची रीत आली. ते इंजिनघराच्या उबेने थोडे जास्त भरत असे. जुन्या नोंदींतील या दोन पद्धतींचे तापमान एकमेकांशी जुळवून घेण्यात शास्त्रज्ञांना बराच काळ खर्च करावा लागला. शिवाय समुद्राची अगदी वरची, मिलिमीटरहूनही कमी जाडीची साय बाष्पीभवनामुळे खालच्या पाण्यापेक्षा अंशाच्या दोन-तीन दशांशांनी थंड असते. बाष्पीभवन होते ते या सायीवरून, आणि तापमापक बुडालेला असतो तिच्या खाली.

'किस्टना' आणि पुण्यातील वाद

अरबी समुद्रावरची ही मोजणी पद्धतशीरपणे सुरू झाली ती १९६० ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. अनेक देशांची जहाजे तीत उतरली. मुंबईत कुलाब्याला १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडण्यात आले. भारताच्या बाजूने या कामावर असलेले प्रमुख जहाज म्हणजे नौदलाचे 'आयएनएस किस्टना'. इंग्रजी अमदानीत कृष्णा नदी याच नावाने लिहिली जात असे. ज्या समुद्रातून कृष्णेचे पाणी उठते त्या समुद्राचे मोजमाप कृष्णेच्याच नावाच्या जहाजाने करावे, हा योगायोग या काठच्या वाचकांना सुखावणारा आहे. याच मोहिमेतून पुढे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोनापावला येथे तिचे मुख्यालय आहे.

मोहिमेच्या नोंदी हाती येताच पुण्यात एक मोठा प्रश्न पुढे आला. भारतावर पडणाऱ्या पावसाचे पाणी नेमके कुणाचे? अरबी समुद्राचे, की विषुववृत्ताच्या पलीकडून, दक्षिण हिंदी महासागरातून वाऱ्याबरोबर आलेले? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक पी. आर. पिशरोटी यांनी १९६५ साली हिशेब मांडला. विषुववृत्त ओलांडून किती बाष्प आत येते आणि भारताचा पश्चिम किनारा ओलांडून किती पुढे जाते, हे त्यांनी काढले. किनाऱ्यावरचा आकडा कितीतरी मोठा निघाला. अर्थात मधली भर अरबी समुद्राच्या बाष्पीभवनाने घातली असली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आठ वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच संस्थेतील के. आर. साहा आणि एस. एन. बावडेकर यांनी अधिक नोंदी घेऊन हिशेब पुन्हा केला, तेव्हा पारडे फिरले. विषुववृत्तापलीकडून येणारा वाटाच मोठा असल्याचे त्यांना आढळले. पुढे १९८१ मध्ये कादे आणि रेव्हर्दां या फ्रेंच अभ्यासकांनी १९७५ च्या पावसाळ्यासाठी सुमारे सत्तर टक्के बाष्प दक्षिण गोलार्धातील आणि तीस टक्के अरबी समुद्रातील असे प्रमाण दिले.

एकाच समुद्राविषयी जाणकारांची उत्तरे इतकी वेगळी का यावीत, हे शिरोळ तालुक्यात सहज समजावे. पंचगंगेच्या संगमाच्या थोडे वर आणि खाली राजापूर बंधाऱ्यावर कृष्णेचा विसर्ग मोजला आणि वरचा आकडा खालच्यातून वजा केला, तर मध्ये पंचगंगेने किती पाणी घातले याचा अंदाज निघतो. पण दोन्ही मापे मोठी आणि दोन्हींत थोडी थोडी चूक असली, की वजाबाकीत त्या चुका जशाच्या तशा उतरतात आणि लहान उत्तराची वाट लावतात. पंचगंगा स्वतंत्र मोजणे हाच खरा उपाय. अरबी समुद्राच्या बाबतीत 'पंचगंगा' म्हणजे खुद्द बाष्पीभवन. ते वजाबाकीने न काढता जागेवर मोजायला हवे होते, आणि ऐन पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात जागेवर वर्षभर उभे राहणार कोण?

कुरुंदवाडच्या पश्चिमेला चौदाशे किलोमीटर

ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या रॉबर्ट वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बोया, म्हणजे नांगर टाकून जागेवर बांधलेले तरंगते केंद्र, अरबी समुद्राच्या मधोमध सोडला. जागा होती १५.५ अंश उत्तर अक्षांश आणि ६१.५ अंश पूर्व रेखांश, कुरुंदवाडपासून जवळजवळ सरळ पश्चिमेला सुमारे चौदाशे किलोमीटरवर. सोमालियाकडून भारताकडे येणाऱ्या जोरकस मोसमी वाऱ्याची वाट नेमकी तेथून जाते. बोयावर वारा, हवेचे तापमान, आर्द्रता, सूर्यप्रकाश, आकाशातून येणारी उष्णता आणि पाऊस मोजणारी उपकरणे होती. खाली साखळीला पाण्याचे तापमान व प्रवाह मोजणारी. ऑक्टोबर १९९५ पर्यंत, म्हणजे पूर्ण वर्षभर आणि एक संपूर्ण पावसाळा, ते केंद्र तेथे टिकले.

त्याने जे दाखवले ते पाठ्यपुस्तकी समजुतीला धक्का देणारे होते. पावसाळ्यात अरबी समुद्र थंड होतो हे सर्वांना माहीत होते. जोरदार वारा बाष्पीभवन वाढवतो, त्यातून समुद्र उष्णता गमावतो आणि म्हणून गार पडतो, हे स्पष्टीकरणही सरळ वाटत होते. प्रत्यक्षात नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात त्या जागी समुद्राला जमेला उष्णता अधिकच पडत होती, खर्चाला कमी. हवा मुळातच इतकी दमट होती की वाऱ्याचा जोर असूनही बाष्पीभवन अपेक्षेइतके होत नव्हते. मग समुद्र गार का झाला? वाऱ्याने पाणी घुसळले आणि खालचे थंड पाणी वर आणले म्हणून. जहाजांच्या तुरळक नोंदींवरून तयार केलेले जुने नकाशे येथे भलतेच चुकले होते. एका ठिकाणच्या एका वर्षाच्या नोंदीने एवढा फरक पडावा, यावरूनच त्या समुद्रावर मोजमाप किती विरळ होते याची कल्पना येते.

बोयावरची उपकरणेसुद्धा शेवटी धोतराच्या सूत्रानेच बाष्पीभवन काढतात. त्या सूत्रातील गुणक बरोबर आहे की नाही, हे तपासण्यासाठी आणखी एक पद्धत लागते. तीत वाफ प्रत्यक्ष वर जाताना पकडली जाते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी आत जाताना भरलेली तोलतात, परतताना रिकामी तोलतात आणि फरक म्हणजे ऊस. समुद्रावरच्या हवेचेही तसेच आहे. वाऱ्याच्या लहान-मोठ्या भोवऱ्यांत हवेचे पुंजके सतत वर-खाली होत असतात. वर जाणारा पुंजका पाण्याला शिवून आल्यामुळे किंचित अधिक दमट, खाली येणारा किंचित कोरडा. ध्वनिलहरींनी वारा मोजणारे यंत्र आणि शीघ्र आर्द्रतामापक सेकंदाला दहा ते वीस वेळा ही 'वजने' घेतात. अर्ध्या-पाऊण तासाच्या अशा हजारो नोंदींच्या बेरजेतून निव्वळ किती बाष्प वर गेले ते कळते.

जमिनीवर, उसाच्या फडात मनोरा रोवून हे करणे त्या मानाने सोपे. जहाज मात्र स्वतःच वर-खाली होत असते. ते लाटेवर चढले की यंत्राला वाटते वारा खाली गेला. म्हणून जहाजाची प्रत्येक हालचाल त्याच वेगाने मोजून वजा करावी लागते. जहाजाचा सांगाडा वारा वळवतो, तो दोष वेगळाच. पश्चिम पॅसिफिक महासागरात १९९२-९३ मध्ये झालेल्या मोठ्या प्रयोगात अशा मोजणीतून गुणक घासूनपुसून घेण्यात आले आणि त्यातून निघालेले सूत्र आज जगभर वापरले जाते. भारतानेही १९९९ मध्ये बंगालच्या उपसागरात आणि २००२-०३ मध्ये अरबी समुद्रात मोसमी प्रयोग केले. अरबी समुद्रावरील प्रयोगाचा पहिला टप्पा पश्चिम किनाऱ्यावरच्या अतिवृष्टीचा अभ्यास करण्यासाठी आखला होता. नेमक्या त्याच वर्षी, जुलै २००२ मध्ये, देशभरातील पाऊस सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आला. निसर्ग शास्त्रज्ञांच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही, हेच खरे.

उपग्रहांमुळे चित्र पुष्कळ पालटले. लाटांच्या बारीक सुरकुत्यांवरून परावर्तित होणाऱ्या लहरींच्या साहाय्याने समुद्रावरचा वारा मोजता येतो. भारताचा ओशनसॅट-२ सप्टेंबर २००९ मध्ये आणि ओशनसॅट-३ नोव्हेंबर २०२२ मध्ये याच कामाचे उपकरण घेऊन गेला. समुद्राचे तापमानही वरून कळते. उपग्रहाला नीट दिसत नाही ती गोष्ट एकच, आणि नेमकी तीच कळीची : पाण्यालगतच्या हवेची आर्द्रता. वरून पाहताना हवेच्या सगळ्या थराचे बाष्प एकत्र दिसते. त्यातून तळच्या काही मीटरांचे किती, हे अंदाजानेच ठरवावे लागते. त्यामुळे उपग्रहांच्या युगातही खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या बोयावाचून चालत नाही.

दोन-तीन दिवसांची किंमत

हे सारे शास्त्रज्ञांचे कुतूहल म्हणून सोडून देण्यासारखे नाही. हवामानाच्या अंदाजासाठी संगणकात पृथ्वीचे चौकोन पाडले जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सहा किलोमीटर बाजूचे चौकोन वापरते. समुद्रावरच्या प्रत्येक चौकोनात संगणक त्याच सूत्राने बाष्पीभवन काढत पुढे जातो. चौकोन लहान झाले, घाटाचे कडे-कपारे अधिक स्पष्ट उमटले, ही मोठीच सुधारणा. मात्र समुद्रावरून उठणारे बाष्प चुकले तर घाटावर आदळणारा वारा कमी-जास्त ओला ठरतो.

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे तीव्र क्षेत्र तयार झाले होते. त्याने अरबी समुद्रावरचा वारा जोराने ओढून घेतला आणि तो दमट वारा दिवसेंदिवस सह्याद्रीवर चढत राहिला. पूर्वेच्या समुद्रातील वादळ पश्चिमेच्या समुद्राचे पाणी कोल्हापूर-सांगलीवर ओतते, ते असे. पुण्याच्या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले आहे. अरबी समुद्रावरून अधूनमधून येणारे बाष्पाचे लोंढे हे त्यांच्या मते त्यामागचे महत्त्वाचे कारण. महाराष्ट्राचाही मोठा भाग त्या पट्ट्यात येतो.

धरणाच्या दाराशी बसलेल्या अभियंत्यासाठी हा लोंढा किती मोठा, हा प्रश्न थेट निर्णयाचा असतो. पाणी दोन-तीन दिवस आधी सोडले तर नदीला वाहून जायला वेळ मिळतो. पण पाऊस आलाच नाही तर तेच पाणी रब्बीला आणि वीजनिर्मितीला तोकडे पडते. थांबावे तर सोडलेले पाणी आणि पडणारे पाणी एकाच वेळी संगमावर पोचते. पुराचे खापर केवळ समुद्रावर फोडणेही बरोबर नाही. पूररेषेतील बांधकामे, रस्त्यांचे व पुलांचे भराव, अलमट्टीच्या फुगवट्याचा न संपणारा वाद, हे सारे जागच्या जागी आहेच. तरीही धरणे केव्हा मोकळी करावीत हे ठरवणारा अंदाज चुकला, तर बाकीच्या शहाणपणाला वेळच उरत नाही.

अरबी समुद्रात आज भारताचे नांगरलेले बोये आहेत. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ते बसवते आणि त्यांच्या नोंदी उपग्रहामार्फत हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे पोचतात. या बोयांचे आयुष्य खडतर असते. सूर्यप्रकाश मोजणाऱ्या काचेच्या घुमटावर मिठाची पुटे चढतात, पक्षी बसतात, खालच्या अंगाला शेवाळ आणि शिंपले धरतात. तरंगत्या वस्तूखाली मासे जमतात, म्हणून मासेमारी करणारे तेथे येतात. काही जण नौका बोयालाच बांधतात, जाळी अडकते, कधी सौर पट्ट्या आणि उपकरणेही गायब होतात. हे टाळावे, अशी विनंती मच्छीमारांना वारंवार करावी लागते.

उपकरण तुटले तर निदान कळते. आर्द्रतामापक हळूहळू दोन टक्के सरकला तर ते कोणालाच कळत नाही. आकडे रोज येत राहतात आणि खरेच वाटतात. जहाज जाऊन बोया काढून आणते, प्रयोगशाळेत उपकरणाची पुन्हा पारख होते आणि तेव्हा कुठे मागच्या कित्येक महिन्यांच्या नोंदी दुरुस्त करता येतात. तोवर राजाराम बंधाऱ्यावरचे पाणी पूर येऊन, ओसरून, पुन्हा पात्रात गेलेले असते.